बूट टेकेपर्यंत

चेंडू हवेत गेला की सगळं स्टेडियम माना वर करून बघायचं. माझ्या शेजारी बसलेल्या रादमिलाबाई मात्र खाली बघायच्या, आपल्या मुलाच्या बुटांकडे.

बेलग्रेडला मी त्यांच्या घरी भाड्याने राहत होतो. मुलगा व्यावसायिक बास्केटबॉलपटू. ग्रीस, तुर्कस्तान, स्पेन असं देशोदेशीच्या क्लबांकडून खेळून, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊन तो पुन्हा घरच्या संघात आला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा गुडघा परत दुखावला तर खेळ कायमचा बंद. तो उसळला की बाई माझं मनगट आवळायच्या आणि त्याचे बूट टेकले की श्वास सोडायच्या.

इतक्या देशांतल्या लोकांनी या माणसाच्या उड्या पाहिल्या. पेपरात फोटो येतात तेही हवेतलेच. तो खाली कसा येतो, हे बघायला कोणाला वेळ आहे? मला त्या ओरडणाऱ्या गर्दीचा उगीचच राग यायचा.

एका सामन्याचे शेवटचे काही सेकंद उरले होते. संघ एका गुणाने मागे. तो उसळला आणि दोन धिप्पाड खेळाडू त्याच्या अंगावर आले. बूट वाकडे पडले, गुडघा लचकल्यासारखा झाला, आणि सावरला.

"टेकला," बाई पुटपुटल्या. भोवती नुसता कल्लोळ चालला होता. मग त्यांनी मान वर करून मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, "चेंडू आत गेला का रे?"

मीही बुटांकडेच बघत होतो.