पेरूच्या मुळांच्या गाठी

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत चेन्नईच्या कंपनीतून दादाला व्हिडिओ कॉल लावला. वणीजवळची आमची पेरूची बाग पहिल्या बहाराआधीच पिवळी पडलीय. दादानं एक झाड उपटून दाखवलं. मुळांना आल्यासारख्या गाठीच गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मातीतली बारीक कीड. डोळ्याला दिसत नाय, पण मुळातच घर करते.

रोपं वहिनीच्या मामांच्या नर्सरीतली. मामा म्हणतात, "तुमच्या जमिनीतच दोष हाय."

मी म्हणालो, "दादा, मेलेल्या झाडांच्या नांग्या भरायला ठेवलेलं त्याच नर्सरीचं एक रोप विहिरीच्या कठड्यावर हाय ना? त्याची पिशवी फाड."

दादानं फाडली. त्या रोपाला आमची माती कधी लागलीच नव्हती, तरी मुळांना तशाच गाठी.

"आता हे मामांना दाखव."

"येडा हाय का? तुझ्या वहिनीनं माहेरी कोणत्या तोंडानं जायचं? तुला काय, तू बसलाय लांब."

आणि फोन कट.

मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. नर्सरीचं नाव इथं टाकलं तर दादाचा संसार पेटंल. नाय टाकलं तर तुमच्यातलाच कुणीतरी उद्या तिथूनच रोपं भरून नेईल, आणि मग त्यालाही सांगतील, दोष तुझ्या जमिनीचा.

तुम्ही माझ्या जागी असता तर नाव टाकलं असतं का?