गडग्यावरचा मांडव

ये गं, अशी जवळ बस. पाहुण्यासारखी उंबऱ्यावर टेकू नको, इथे माझ्या चटईवर ये. मी कागदावर लिहितेय म्हणून काय झालं? वाचताना तू माझ्या शेजारीच आहेस असं मी धरून चालते. आणि आधी जरा बोलणी खाऊन घे. नाताळात आली होतीस तेव्हा मिस्सा संपल्यावर काय म्हणालीस? "बाहेरून आलेल्या मजुरांनी देवळातले बाक भरून टाकले, आपल्यालाच जागा नाही." असं बोलतात का गं, बाय? घर पाहुण्यांनी भरलं होतं म्हणून मी गप्प राहिले. आता सावकाश सांगते, ऐक.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. माझं लग्न व्हायचं होतं. आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, खाडीकाठी मिठागरं. दिवाळी झाली की घाटावरून माणसं मिठागरात कामाला यायची. बायका, पोरं, कोंबड्या, सगळा संसार डोक्यावर. नारळाच्या झापांची खोपटी घालून राहायची आणि पाऊस लागायच्या आत निघून जायची. कुठे जायची ते आम्ही कधी विचारलं नाही. 'घाटावरची' म्हटलं की सगळी त्यात आली.

एका वर्षी त्यांच्यात एक विधवा बाई आली. तिची मुलगी माझ्याच वयाची. आल्या आल्या पहिल्याच रविवारी दोघी धुतलेली लुगडी नेसून आमच्या देवळाच्या मागच्या दाराशी उभ्या. आम्हाला नवलच वाटलं, ही माणसं ख्रिस्ती? मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असायची. ती बाई थोडा वेळ ऐकत राहिली, मग हळूच माझ्या आईला विचारते, "मावशे, ही कंची भाषा?"

आई म्हणाली, "देवाची."

"आमचा देव तर मराठी बोलतो," ती म्हणाली.

आईला हसू आवरेना. मिस्सा चालू असताना देवळात तोंडावर पदर धरून हसणारी आई मी तेवढी एकदाच पाहिली.

मग उलगडा झाला. त्या दोघी मिशनवाल्या, म्हणजे प्रोटेस्टंट; आम्ही कॅथलिक. गावात मिशनची चार घरं होती आणि पत्र्याची एक छोटी प्रार्थनेची खोली. त्यातलं एक घर आमच्या अगदी शेजारचं, शाळामास्तरांचं. मधे दगडांचा गडगा. आई आणि मास्तरीणबाई त्या गडग्याच्या दोन बाजूंना राहायच्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. का, तर एकदा आमच्या सायबिणीची, मरियामातेची, मिरवणूक जाताना मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाहुली छान सजवलीय हो." झालं! त्या दिवसापासून गडग्यावरून वाटीभर कालवणसुद्धा इकडचं तिकडे गेलं नाही. विचार कर, एकाच येशूची दोन घरं!

ती मुलगी मात्र माझी मैत्रीण झाली. आमच्या विहिरीला गोडं पाणी, तिथे ती हंडा घेऊन यायची. मिठाच्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडलेल्या, पण गाणं तोंडात कायम. मी तिला खोबरेल द्यायची, ती मला तिची भजनं शिकवायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मिशनची गाणी माझ्या विहिरीवर नकोत!" आणि मग स्वतःच चूल फुंकताना तीच चाल गुणगुणायची.

ईस्टर झाल्यावर तिचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याकडचाच, पनवेलला लोहारकाम करणारा. त्याला काकाने वाढवलेलं. काका त्यांच्या मिशनच्या मंडळीतला वडीलधारा, मोठा कडक माणूस. त्याने निरोप पाठवला: मुलगी पसंत आहे, पण लग्न मुलीच्या दारात लागेल, आणि पावसाच्या आत. दार नसेल तर आम्ही दुसरीकडे बघू.

दार कुठून आणायचं त्या बाईने? विहिरीवर बसून ती म्हणाली, "मिठाच्या ढिगापुढं मांडव घालू का म्या? पाऊस आला की ढीगबी जातोय आन आमीबी." हंडा भरून वाहायला लागला तरी मुलगी दोर ओढतच राहिली. मला तिचं तोंड बघवेना.

आईने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हणाली, "आमचं दार आहे ना! आमच्या अंगणात लग्न."

तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला. "मुलगी आमच्या मंडळीची आहे. तिचं लग्न आमच्या अंगणात लागेल."

आई गर्रकन वळली. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलली असेल? "तुमच्या अंगणात चार माणसं मावतात, पाचवं गडग्यावर बसेल!"

"आणि तुमच्यात आमच्या पाळकसाहेबांना उभं कोण राहू देणार?"

"मी देणार!"

"मग मीही देते तुमच्या फादरना खुर्ची!"

दोघींचा आवाज गावभर गेला. ती बाई कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिली. आजवर तिला हाकलायला माणसं भांडली होती, ठेवून घ्यायला कुणी भांडलं नव्हतं. शेवटी बाबा आतून आले आणि म्हणाले, "दोन्ही अंगणं धरून एकच मांडव घाला, आणि मला जेवू द्या."

तसंच झालं. लग्नाच्या दिवशी आमच्या आळीच्या होड्या किनाऱ्यावरच राहिल्या. त्यांची शिडं उतरवून माडांना बांधली आणि दोन्ही अंगणांवर मांडव झाला. वारा आला की सगळा मांडव फुगायचा, जणू दोन घरं मिळून समुद्रात निघाली. मोठ्या चुलींना दगड हवे होते. बाबांनी गडग्याचे चार दगड उचलले, मास्तरांनी पलीकडून सहा उचलले, आणि पातेली मोठी होती म्हणून उचलतच राहिले. वऱ्हाड यायच्या आत कोंबडी आमच्या अंगणातून त्यांच्या अंगणात सरळ चालत गेली.

पहाटेपासून बायका फुगे करत होत्या. तुला माहीत आहेत ना, तळलेले, गोल, आतून पावासारखे मऊ? आमच्याकडे त्यांच्याशिवाय लग्न नाही. मास्तरीणबाई बाह्या सरसावून आल्या आणि परातीतलं पीठ मळायला बसल्या. आई त्यात नारळाचं दूध ओतत होती, दुसऱ्या लोट्यातलंही ओतत होती, आणि दोघी इतक्या वर्षांच्या साठलेल्या गप्पा काढत होत्या. लोट्यात काय, ते त्यांनी विचारलं नाही. आईने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही असतं हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

वऱ्हाड आलं. काका धिप्पाड, पांढरं धोतर, काळा कोट. मांडव बघून मान हलवली, मुलीला आशीर्वाद दिला, न्याहारीला बसला. एक फुगा खाल्ला, मग दुसरा, मग ताटच पुढे ओढलं. आईला म्हणतो, "बाई, असा मऊ घास जन्मात खाल्ला नाही. फुगतो कशानं हो?"

आई खुशीत म्हणाली, "पहाटेची ताजी ताडी घालतो ना!"

वऱ्हाडाने हातातले फुगे खाली ठेवले. दारूबंदीचे दिवस होतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या मंडळींनी दारूचा थेंब जिभेला लावायचा नाही अशी शपथ घेतलेली. आमच्याकडे ताडी म्हणजे पीठ फुगवायची वस्तू, सोड्यासारखी. त्यांच्याकडे ताडी म्हणजे मोडलेले संसार. काका ताट सारून उभा राहिला. "ज्या दारात दारू शिजते, त्या दारात आमचा मुलगा उभा राहणार नाही. चला रे, उठा!"

नवरी आतल्या खोलीत हळदीच्या अंगाने बसलेली, मी तिच्याजवळ खिडकीशी. तिने माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली.

मास्तरीणबाई पुढे आल्या. "हे पीठ मी मळलंय. मीही मिशनची, मीही शपथ घेतलीय." त्यांनी सगळ्यांसमोर एक फुगा उचलून खाल्ला, पदराने तोंड पुसलं आणि उभ्या राहिल्या. "मला चढली तर सांगते."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. काकाने पाळकसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी निकाल द्यावा म्हणून. पण पाळकसाहेबांचे दोन्ही गाल भरलेले. घास गिळून ते म्हणाले, "तळताना सगळं उडून जात असावं. मला तरी... अंमळ भूकच लागलीय."

तरी काका बसेना. तेव्हा ती विधवा बाई उठली आणि त्याच्यापुढे पदर पसरला. "दादा, मी हितं आले तवा मला कुत्रंबी वळखत नव्हतं. या दोघींनी माज्या पोरीपायी गडगा फोडला. ताडीचं पाप लागत आसंल तर ते माज्या माथी ठेवा. पन माजी पोर दाराशी आलीया, दार लावू नगा."

काकाने कोटाचं बटण सोडलं. मग म्हणाला, "ताई, पदर सावर. पापबिप काही नाही." खाली बसला, आणि सारलेल्या ताटाकडे बघत म्हणाला, "झालं ते झालं. आता उरलेले तरी कशाला वाया घालवता?"

असा हशा उठला म्हणतेस! आई हसता हसता रडायला लागली आणि मास्तरीणबाईंच्या गळ्यात पडली, पिठाच्या हातांनी.

पाळकसाहेबांनी मराठीतून लग्न लावलं. दुसऱ्यांच्या उपासनेला बसायची तेव्हा आम्हाला मनाई. फादर आले आणि म्हणाले, "मी आपल्या लोकांच्या अंगणात बसलोय, बरं का." पण अंगण कुठे संपतं ते आता कुणाला ठाऊक? त्यांनी खुर्ची टाकली ती मास्तरांच्या पडवीच्या तुळईखालीच. आमच्यातल्या व्हायोलिनवाल्याने त्यांच्या भजनाची चाल धरली, त्यांच्या ढोलकीवाल्याने ठेका दिला, आणि मिठागरातली सगळी खोपटी आमच्या अंगणात नाचली. शेवटी फादरांनी आणि पाळकसाहेबांनी नवराबायकोच्या डोक्यावर एकेक हात ठेवला.

विधवा बाई त्या पावसाळ्यात कुठेही गेली नाही. मास्तरीणबाईंची मागची खोली, आमच्या घरचं जेवण. शेवटपर्यंत गावातच राहिली. तिचं मरणही आमच्यातच झालं, दोन्ही घरच्या माणसांनी खांदा दिला. आणि ती मुलगी? तिच्यासाठी हे माहेर झालं. बाळंतपणाला आली, भांडून आली, नातवंडं दाखवायला आली. आता गुडघे दुखतात तिचे, पण या मे महिन्यात महिनाभर राहायला येते म्हणालीय. तिच्या तोंडून तुला हे सगळं ऐकायचंय, कारण माझ्यापेक्षा ती जास्त वाढवून सांगते.

तर मुलांना घेऊन लवकर ये. मांडव्याच्या लाँचने ये, नाही तर अलिबागवरून एसटी धर, पण ये. खोली झाडून ठेवलीय.