दोन्ही अंगांचे ठिपके

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर माझं वेडंवाकडं अक्षर आणि शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण हे तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

ऐंशी साल उलटलं होतं. आम्ही बेलापूरच्या नव्या वसाहतीत एका खोलीत राहायला आलो होतो. जवळच्या शेडमध्ये परदेशी पाठवायच्या मूर्ती बनत. पंखांचे घोडे, माशाच्या शेपटीचे सिंह. असं जनावर कुणी पाहिलेलं नाही, पण कातडी खरी दिसायला हवी. मालक हरणाचा नाहीतर बिबट्याचा फोटो देत आणि बायका घरी बसून रंगवत. जवळच्या दिवाळे गावची एक कोळीण आमच्या दारावर मासळी विकायची आणि दुपारी मूर्ती रंगवायची. तिनेच मला हे काम मिळवून दिलं. नवऱ्याच्या पगारात भागत नव्हतं.

पहिल्या खेपेला चोवीस घोडे मिळाले. अंगावर चितळाचे ठिपके काढायचे होते. शनिवारी माल शेडमध्ये पोचवायचा होता. कोळणीने तिचंही खोकं माझ्याकडे दिलं. "मना बाजारान जावाचं हाय गो, माजं पन नेऊन दे."

शेडमध्ये मालक माझ्यापुढच्या बाईचे घोडे उलटसुलट करून पाहत होते. "बाई, ही काय रांगोळी आहे? खऱ्या हरणाचे ठिपके दोन्ही अंगांना सारखे असतात? असल्या खोक्याचे चाळीस रुपये कापणार. आणि बाई नवीन असेल तर पुन्हा काम नाही."

मीही तसंच केलं होतं. लहानपणापासून उंबऱ्यापुढे हात तसाच फिरलेला. डावीकडे ठिपका पडला की उजवीकडे आपोआप पडायचा. मी कोळणीचं खोकं उघडलं. तिचे ठिपके कुठे दाट, कुठे विरळ, पोटाकडे पुसट होत गेलेले. खोक्यांवर आमच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. त्या मी बदलल्या.

मला शाबासकी मिळाली. तिचे चाळीस कापले आणि घोडे पुन्हा रंगवायला परत दिले. ते मीच तिला नेऊन दिले. तिने एक घोडा उचलला, या अंगाने, त्या अंगाने पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने खोकं पुन्हा माझ्याच हाती दिलं. त्यापेक्षा चारचौघींत माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी मी एक बाजू फडक्याने झाकून दुसरी रंगवायला शिकले.

तिची मजुरी मीच आणून द्यायची. त्यात मी दर आठवड्याला माझे पाच रुपये घालू लागले. तिसऱ्या वेळी तिने नोटा पसरल्या.

"यान पाच जास्ती कशे?"

"मालकांनी दर वाढवला."

"त्यानं?" ती खो खो हसली. "तो माज्याकरशी बोंबील पन उधार नेतो!" मग हसू थांबलं. "किती रायले गो अजून?"

मी मान खाली घातली. "पंचवीस."

"दे मंग. एकदम नको. तुज्या घरान पोरां हायेत."

शेवटची पाचाची नोट दिली त्या दिवशी 'चिठ्ठ्या मी बदलल्या' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. तिने नोट कमरेच्या पिशवीत खोचली, मासळीची पाटी डोक्यावर घेतली.

"फिटले," ती म्हणाली. चाळीसचे चाळीस.