मांजरपाटाची पिशवी
उकळत्या पाण्यात कोरं कापड पडलं की एक आंबूस वास सुटतो. त्या वासाने मला ओझरच्या क्वार्टरमधलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. वडिलांना दमा होता. केरसुणी फिरली की खोकून खोकून ते लाल व्हायचे, म्हणून घरात एक जुना, उभा व्हॅक्युम क्लीनर होता. त्याची धुळीची कागदी पिशवी फाटली, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, या पिशव्या आता येत नाहीत. मशीन भंगारात द्या." आई भडकली. "माझं माहेर मालेगावचं, घरोघरी मागावर कापड विणणाऱ्यांचं. एका पिशवीसाठी मी मशीन फेकू?" तिने तिथल्या तिथे घरातल्या कोऱ्या मांजरपाटाची पिशवी शिवली आणि त्याच्यासमोर मशीनला बसवली. मशीन नुसतं घुरघुरलं, धूळ काही ओढेना. "उद्या येऊन घेऊन जातो," तो हसत म्हणाला. तो गेल्यावर आईने कापड बोटांत चोळलं आणि कपाळावर हात मारला. मागावर चढवण्याआधी सुताला लावलेली खळ कापडात तशीच होती, हवा जाणार कुठून! तिने पिशवी उकळली, चोळून धुतली, वाळवली. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा वडिलांच्या पलंगाखालून आई मशीन फिरवत होती आणि वडील तिथेच बसून निवांत पेपर वाचत होते. "चपला बाहेर काढा," आई म्हणाली, "आत्ताच साफ केलंय." काल माझ्या व्हॅक्युम क्लीनरची पिशवी मागितली, तेव्हा नाशिकमधल्या दुकानदाराने मलाही तेच ऐकवलं, "मॅडम, ते मॉडेल बंद झालं." मी म्हटलं, "तुमच्याकडे झालं असेल, माझ्याकडे चालू आहे." आणि मांजरपाट घेऊन घरी आले. मी मात्र शिवायच्या आधीच उकळायला टाकलंय.