बान फाईची उंची

"ज्या नदीवर माझं घर चालतं, तिच्या पाण्यात मी कधी बोटसुद्धा बुडवलेलं नाही," दत्तप्रसाद एकदा म्हणाला होता. अल ऐनला एका मित्राकडे दिवाळीच्या फराळाला मराठी मंडळी जमली होती आणि कोणीतरी विचारलं होतं, तुम्ही नक्की काय करता हो? "बरंय की," विचारणारा चकली मोडत म्हणाला, "पाय ओले होत नाहीत." सगळे हसले. दत्तप्रसादही हसला.

तो मूळचा चिपळूणचा. पाणी चढतं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. दुकानांतून गाद्या माळ्यावर नेणारी माणसं त्याने लहानपणी पाहिली होती. पुढे पुण्याला शिकला आणि इथे आखातात नोकरीला आला. जुमेरा लेक टॉवर्समध्ये, नद्यांच्या कामांत सल्ला देणाऱ्या एका कंपनीत, गेली कित्येक वर्षं तो पडद्यावर मेकाँग बघत होता. खिडकीखाली माणसांनी खोदलेलं तळं होतं. त्याचं पाणी चढत नसे, उतरत नसे. समोर दोन पडद्यांवर खरी नदी होती आणि तीही रंगांचीच होती: उंच जमीन तपकिरी, सखल हिरवी, पाणी निळं.

ती त्याला पाठ होती. तिबेटच्या पठारावरून निघते, चीनच्या दऱ्यांतून धरणांच्या पायऱ्या उतरते, लाओसच्या कडेने वाहते, खोनच्या धबधब्याशी बेटाबेटांत फुटून कोसळते, कंबोडियात पसरते आणि व्हिएतनाममध्ये अनेक मुखांनी समुद्रात शिरते. मुलगी शुभ्रा हिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याने तिला टोन्ले सापची गंमत सांगितली होती. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तिला मिळणारी ही नदी उलटी वाहू लागते आणि मागचं सरोवर भरतं. पाऊस संपला की पुन्हा सुलटी.

"बाबा, रिव्हर्स डोन्ट गो बॅकवर्ड्स."

"ही जाते."

"हॅव यू सीन इट?"

"पाहिली म्हणजे... पडद्यावर."

"दॅट्स नॉट सीइंग," शुभ्रा म्हणाली आणि रंगीत पेन्सिलींकडे वळली.

त्या वर्षी कंपनीकडे लाओसच्या दक्षिणेचं एक काम होतं. व्हिएतनामच्या सीमेवरच्या डोंगरांतून उतरून मेकाँगला मिळणाऱ्या एका लहान नदीवर नवं धरण झालं होतं. पावसात दरवाजे उघडले, तर खालच्या कोणत्या गावांत पाणी शिरेल हे नकाशावरून ठरवायचं आणि त्या गावांत भोंगे बसवायचे. भोंगा वाजला की माणसांनी वर पळायचं. दत्तप्रसादने नकाशा केला. नदीकाठची गावं एकेक करून निळी झाली. एक तेवढं तपकिरी राहिलं. बान फाई. बान म्हणजे गाव. ते नदीच्या वळणाच्या आत, एका बुटक्या गोल टेकडीवर दिसत होतं.

त्याला ती टेकडी खटकली. सैल, वळणावळणाची नदी आपल्या कुशीत टेकडी ठेवत नाही, केव्हाच खाऊन टाकते. मीटिंगमध्ये त्याने पडद्यावरच्या त्या गोल रेषांवर माउसचा बाण नेला आणि तिथेच धरून ठेवला. बोलला मात्र नाही.

त्यांचा डायरेक्टर नीरव याची एक पद्धत होती. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी तो टाळी वाजवायचा. "किसी को कुछ? नहीं? चुप मतलब हाँ. खलास, यल्ला." मग मिनिट्समध्ये 'सर्वानुमते' असं जायचं. यात वाईट काही वाटायचं नाही. कामं पटापट उरकायची. शुक्रवार होता, दुपारी सुट्टी होती. नीरवने टाळी वाजवली. बाण टेकडीवरून हलला.

भोंगे बसले. बान फाईत बसला नाही.

काही आठवड्यांनी खामचा फोटो आला. खाम ही तिकडची दुभाषी, साइटवर कंपनीसाठी काम करणारी. रिपोर्टच्या मुखपृष्ठाला छानसं गाव हवं म्हणून नीरवने मागितला होता, तर तिने स्वतःच्याच गावचा पाठवला. उंच लाकडी खांबांवर घर. वर कौलं, त्यांच्याही वर बांबूचं दाट बेट झुकलेलं. घराच्या खाली, सावलीत, तुळईला दोराने टांगलेली नाव. मागे एक म्हातारी, पदरासारखं काहीतरी डोक्यावर घेऊन उन्हाकडे बघत असलेली.

"ही माझी आई," खामने लिहिलं होतं. "बान फाई."

दत्तप्रसाद नावेकडे बघत राहिला. टेकडीवर राहणारी माणसं घराखाली नाव कशाला टांगतील?

मग त्याला सगळं कळलं. उपग्रह वरून बघतो. त्याला जे पहिलं लागतं त्यालाच तो जमीन समजतो, मग ते झाडाचं टोक असो की कौल. म्हणून जंगलाची उंची वजा करायची असते, आणि त्याने ती केली होती. पण बान फाईला नकाशात 'वस्ती' असा रंग होता, आणि वस्तीतून काही वजा करायचं नाही हा त्यांचा ऑफिसातला नियम. वाळवंटात केलेला नियम. इथे वस्ती म्हणजे उघड्यावरची सपाट घरं, वर सावली नाही, खाली खांब नाहीत. त्याने बांबू आणि कौलं मिळून एक टेकडी बनवली होती आणि तिच्यावर एक गाव ठेवलं होतं. खरं गाव तिच्या पायथ्याशी, नदीच्या बरोबरीने बसलं होतं.

तो नीरवच्या केबिनमध्ये गेला.

"नीरवभाई, बान फाई टेकडीवर नाहीये. मोठी चूक झालीये. माझी."

नीरवने फोटो पाहिला. "ब्यूटिफुल. कव्हर पे यही डालो."

"भोंगा लागेल तिथे. पावसाच्या आधी."

"रिपोर्ट साइन हो गया ना यार. क्लायंटने सेलिब्रेशन पण केलं. आता मी जाऊन काय सांगू, कि हमने पेड़ को पहाड़ समझा?"

"हो. तेच सांगायचं."

"दत्ता, तू उस दिन रूम में था. कुछ बोला?" नीरवचा आवाज चढला नव्हता. उलट तो मायेनेच बोलत होता. "फेज टूमध्ये घालू. पाऊस संपला की. इन्शाल्ला."

घरी मुग्धाने ऐकून घेतलं. मुग्धा त्याची बायको, एका दवाखान्यात हिशेबनीस. "तू सांगितलंस ना? मग तुझं झालं."

"झालं?"

"मग काय करणारेस? व्हिसा त्यांच्या हातात आहे, दत्ता. शुभ्राचं वर्ष अर्धं आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने खामला फोन केला. शेजारच्या गावाचा भोंगा बान फाईत ऐकू येतो का, एवढंच विचारलं. वारा तिकडून असला तर येतो, ती म्हणाली. का विचारताय? "असंच," तो म्हणाला. सांगितलं असतं तर तिने आईला हलवलं असतं. शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं असतं. एक वाक्य होतं. ते तोंडाशी आलं आणि त्याने म्हटलं, फोटो सुंदर आहे.

ऑगस्टमध्ये डोंगरांत पाऊस थांबेना. धरणाचे दरवाजे उघडले गेले. खालच्या गावांत भोंगे वाजले, माणसं पळाली, घरं गेली पण माणसं वाचली. त्या पहाटे वारा बान फाईकडे नव्हता.

कित्येक दिवस उपग्रहाला फक्त ढग दिसले. मग आकाश उघडलं आणि दत्तप्रसादच्या पडद्यावर चित्र उतरलं. सगळीकडे मातकट पाणी, आणि नदीच्या वळणाच्या आत बांबूंचे शेंडे. गोल. तीच टेकडी. पाण्यावर तिचा तेवढाच भाग उरला होता, जिथे जमीन कधी नव्हतीच.

खामचा निरोप आला. शिवी नव्हती. "आईचा देह सापडला. नाव दोरालाच होती, सोडायला वेळ मिळाला नाही. इथले अधिकारी म्हणतात की नकाशात आमचं गाव उंचावर आहे. मी इथेच जन्मले. मला ती उंच जागा कुठे आहे ते सांगाल का?"

त्याने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं.

चौकशीची मीटिंग ऑनलाइन झाली. क्लायंट, त्यांचे वकील, तिथले अधिकारी, आणि एका चौकटीत दुभाषी म्हणून खाम. केस मागे बांधलेले, चेहरा कोरडा. ठरायचं एवढंच होतं. गाव उंचावर होतं आणि पूरच अभूतपूर्व होता, असं मान्य झालं, की बान फाईच्या लोकांना नवी जागा देणं कोणाचीच जबाबदारी उरत नव्हती. उरलेले लोक त्याच काठावर परत जाणार होते. नीरवने आधीच बजावलं होतं, "तुला काहीही बोलायचं नाहीये, हबीबी. बस बैठना है."

वकिलाने निष्कर्ष वाचला. खाम आपल्याच गावाचा तो निष्कर्ष लाओ भाषेत सांगत गेली. 'टेकडी' या शब्दाशी ती थांबली, मग तोही तिने सांगितला.

"एनी ऑब्जेक्शन?" नीरव म्हणाला. "नहीं? चुप मतलब..."

पडदा बदलला. दत्तप्रसादने आपला पडदा सगळ्यांपुढे उघडला होता. डावीकडे फोटो: घर, खांब, टांगलेली नाव, म्हातारी. उजवीकडे बान फाईचा उभा छेद, झाडं आणि कौलं वजा करून नव्याने काढलेला. जमिनीची रेघ खाली, पुराची रेघ तिच्या बऱ्याच वर. आणि जुन्या नकाशावर जिथे त्याचं नाव असे, तिथेच या छेदावरही त्याचं नाव, जुन्या नकाशाची आणि या छेदाची अशा दोन्ही तारखांसह.

"ये क्या है? दत्ता, बंद कर," नीरव म्हणाला. "शेअरिंग बंद कर ते!"

वकील पुढे वाकून बघू लागला. खाम बघत होती. नकाशाकडे नाही, आईकडे. मग तिने कॅमेऱ्यात पाहिलं, सरळ, कोणाचं तरी बोलणं सुरू व्हायची वाट बघावी तसं. दत्तप्रसादचे ओठ हलल्यासारखे झाले. खामची चौकट काळी झाली.

त्याने गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढून कीबोर्डवर ठेवलं. पडदा तसाच चालू ठेवला, खुर्ची मागे सारली, आणि एक शब्द न बोलता तो बाहेर निघून गेला.