खोडाला बांधलेलं गोणपाट

आज सकाळी बेलवलीच्या वळणावर एक माणूस पाठीवर पंप घेऊन रस्त्याकडेच्या झाडांवर औषध मारत होता. त्या उग्र दर्पानं ठसका लागला, आणि आठवला मात्र साबणाच्या पाण्याचा वास. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीसमोर, सार्वजनिक रस्त्यावर, एक पसरलेलं बदामाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत एक बाई बालवाडी चालवायच्या. पावसाळाभर मुलं कुणाच्या तरी पडवीत दाटीवाटीनं बसत, नवरात्र उलटलं की झाडाखाली सतरंजी पडे. छप्पर म्हणाल तर तेवढंच. माझी लेक तिथंच अक्षरं गिरवायला बसली.

नेमके त्याच दिवसांत बदामावर सुरवंट येत. करडे, केसाळ, अंगावर पडले की गांधी उठत, पोरं खाजवून खाजवून रडत. "तोडून टाका ना ते झाड, कटकट मिटेल," असं चाळ म्हणू लागली. कारखान्यातले एक शेजारी विषारी पावडर आणायला निघाले, तेव्हा बाईंनी हात जोडले. "मुलांच्या डब्यात पडेल हो ती. मला एवढा सीझन द्या."

सुरवंट रात्री पानं खातात आणि दिवसा आडोसा शोधतात, म्हणून बाई खोडाला ओल्या गोणपाटाचा पट्टा बांधत. दुपारी मुलं घरी गेली की हाताला चिंध्या गुंडाळून तो सोडायचा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा. आम्ही दोघीतिघींनी पाळ्या लावून घेतल्या. किळसवाणं काम, जेवण जायचं नाही. पण गांधी कमी होत गेल्या आणि मला वेडीला वाटलं, जिंकलो आपण.

दिवाळीला चाळ रिकामी झाली. बाई गावी, आम्हीही गावी. पट्ट्याकडे दुसरी कुणीतरी बघेल, असं प्रत्येकीनं धरून चाललेलं. मागे राहिलं ते चाळीत नुकतंच आलेलं एक बिऱ्हाड. झाडाला गोणपाट बांधलेलं बघून त्यांना वाटलं, कुणाचा नवस असेल. त्या घरच्या माउलीनं खोडाला हळदकुंकू वाहिलं, रोज संध्याकाळी पणती लावली आणि आपल्या पोरांना बजावलं, हात लावायचा नाही. देवाचं म्हणून राखलेल्या त्या गोणपाटाखाली सुरवंटांचे थरच्या थर साचले. बोल तरी कुणाला लावायचा?

सुट्टी संपली त्या सकाळी बाई पोचायच्या आधीच मुलं खोडाला टेकून बसली आणि जड झालेला पट्टा घसरला. एका मुलीच्या डोळ्यात सुरवंटांचे केस गेले. डोळा वाचला, पण त्यानंतर कुणी बाईंचं ऐकून घेईना. आठवड्याच्या आत झाड तोडलं गेलं. उन्हात बालवाडी चालेना, आणि मुलं एकेक करून यायची थांबली. पुढच्या वर्षी सुरवंट गटारापलीकडच्या बदामावर गेले. तो तोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

बाई मला पुढे उल्हासनगरच्या बाजारात भेटल्या. कपड्यांच्या कारखान्यात दोरे कापायला जात होत्या. झाडाचा विषय मी काढला, तर त्यांनी लेकीचं अक्षर कसं आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "बाकीची कुठं जातात गं शाळेत?" मी सांगितलं, जातात की सगळी. त्यातली कितीतरी घरीच राहिली होती, आणि हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.