बटव्याचे गोंडे

पेढीवाल्यांची धाकटी सून मुंबईची होती आणि आमच्या भवानी पेठेतल्या घरी ती एकदाच आली. माझं वाटोळं व्हायला तेवढं पुरलं.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या पेढीसाठी हातमागावर लुगडी विणायचे. सूत पेढीचं, लुगडं पेढीचं, पाठ तेवढी आबांची. सूनबाईंना माग कसा चालतो ते बघायची हौस आली होती. ती खाटेच्या कडेला अंग चोरून बसली आणि आबांच्या इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या अंगात झंपर होतं. बाहीला खांद्याशी चुण्या घालून फुगा काढलेला, गळ्याला लेस, पाठीवर कापडानं मढवलेली बटणं. मनगटाला एक बटवा लटकत होता आणि त्याच्या खालच्या कडेला रेशमाचे आठ गोंडे. बटवा कमरेला खोचायचा असतो आणि त्यात पानसुपारी असते, एवढंच मला ठाऊक. तिच्या बटव्यात एका रुमालाखेरीज काही नव्हतं. रिकामी वस्तू नुसती मिरवण्यासाठी बाळगतात हे मला त्या दिवशी कळलं आणि लगेच पटलंही.

ही तीस सालानंतरची गोष्ट. मी तेरा वर्षांची असेन. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आबा, माझी मोठी बहीण अक्का आणि मी.

मी ते झंपर आठ दिवसांत उतरवलं. आधी वाण्याच्या रद्दी कागदावर अंदाजानं कापलं, अक्काच्या अंगाला लावून पाहिलं, परत कापलं. गिरणीतले तुकडे बाजारात वजनावर मिळायचे. त्यातला एक पांढरा तुकडा डाळिंबाच्या साली आणि तुरटी घालून उकळला. त्याचा रंग सूनबाईंच्या झंपरासारखा आला नाही, पण काहीतरी आला. बटणांना चिंचोके घेतले आणि त्यांवर कापड मढवलं. मोडक्या छत्रीची तार दगडावर घासून तिचा आकडा केला आणि लेस विणली. बाहीचा फुगा काही केल्या उभा राहीना, तेव्हा आबा ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, लावायचे ती ज्वारीच्या पिठाची खळ चोरून बाहीला लावली. फुगा असा ताठ झाला की अक्काला हात खाली सोडता येईना. ती दोन्ही हात पसरून घरभर फिरली आणि आम्ही हसून हसून खाली बसलो. आई गेल्यावर घरात पहिल्यांदा एवढं हसू झालं. आबाही मागावरून मान वर करून हसले, पण त्यांनी बघितलं ते आमच्याकडे नाही, आमच्या आवाजाकडे. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

गल्लीतल्या पोरी मग माझ्याकडे तुकडे घेऊन येऊ लागल्या. मला ग चढला. आपला हात जगन्नाथ, म्हणायची मी, आईच्या थाटात.

अक्काचं लग्न मंगळवेढ्याला ठरलं. मुलाकडच्यांचं दुकान होतं, घरात शिकलेल्या जावा होत्या. पाहायला आलेल्या बायकांच्या अंगावरची लुगडी पाहून अक्का मनातून खचली होती. ती कधी काही मागायची नाही. आईच्या माघारी भाकरी, पाणी, माझी वेणी, सगळं तिनं न बोलता अंगावर घेतलं होतं. एकदा जात्यावर बसल्या बसल्या ती मला म्हणाली, "तसला बटवा करशील का गं मला? तितं गेल्यावर हातात कायतरी असंल."

मी म्हटलं करीन. त्यात काय एवढं?

बटवा झाला. आईच्या जुन्या खणाचा केला, आतून अस्तर लावलं, वर दोरी ओवली. राहिले ते गोंडे. सुताचे केले तर देवळाच्या घंटेच्या दोरीसारखे दिसले. रेशीम हवं होतं आणि रेशीम घरात एकाच ठिकाणी होतं.

आता मागाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते समजणार नाही. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. लुगडं विणून झालं की ते कापून घेतात, पण ताण्याचं शेवटचं हातभर टोक तसंच ठेवतात, कंगव्यासारख्या फणीत आणि फणीमागच्या दोऱ्यांच्या बारीक डोळ्यांत ओवलेलं. नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा या जुन्या टोकाच्या एकेका दोऱ्याला सांधायचा, मग जुनं टोक पुढं ओढलं की नवा ताणा आपोआप डोळ्यांतून आणि फणीतून येतो. म्हणून माग कधी उघडा, म्हणजे दोऱ्यावाचून, ठेवत नाहीत. विणणारा मेला किंवा त्यानं धंदा सोडला तरच माग उघडा पडतो. आमच्यात एखाद्याला शिव्या घालायच्या झाल्या तर 'तुझा माग उघडा पडो' म्हणायचे.

सांधायचं काम आई करायची. बोटाला चुलीतली राख लावायची आणि दोन टोकं पिळून एक करायची, गाठ न मारता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिनंच पहिले दोरे ओवले होते. त्यानंतर जितके ताणे आले तितके तिनंच एकाला एक जोडले. शेवटचा ताणा तिनं सांधला आणि महिन्याभरात ती तापानं गेली. तो ताणा आबांनी वर्षभर पुरवला. पेढीवाले कुरकुरायचे की तुमचा हात मंदावला. आम्हालाही तसंच वाटायचं.

त्या ताण्यातलं शेवटचं लुगडं आबांनी कापलं आणि ते नवा ताणा आणायला गेले. जाताना म्हणाले, यातलं पहिलं लुगडं अक्काचं, तिनं ते नेसूनच सासरी जायचं. अक्का पाण्याला गेली होती. घरात मी एकटी, हातात कातर, समोर मागावर लोंबणारं ते टोक आणि त्याच्या दोन्ही कडांना काठाचं लालभडक रेशीम.

मी अजाण होते असं म्हणायची सोय नाही. मला सगळं ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं, काठाचे थोडेच घ्यायचे, आबांना ते ओवायला कितीसा वेळ लागेल! नुसतं पुढचं टोक कापलं तर गोंडा आखूड झाला असता, म्हणून मागून कापले आणि पुढून ओढले. डोळ्यांतून आणि फणीतून ते इतके अलगद निघाले की मला मजा वाटली. दोन्ही काठांच्या रेशमात गोंडे झाले पाच. आठ हवे होते. मग मधले सुताचे घेतले, गोंड्याच्या पोटात भरायला, म्हणजे रेशीम वरवर पुरेल. तेवढे काढल्यावर उरलेला ताणा लूत लागलेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला. तो तसा बघवेना, म्हणून मी तोही काढला. मूर्खपणाला सुरुवात करणं सोपं असतं, मध्ये थांबणं अवघड.

आठही गोंडे सारखे दिसावेत म्हणून मी त्यांची टोकं कातरून एका मापाची केली. फार सुबक झाले होते. अक्का आली तेव्हा मी बटवा लपवून ठेवला होता, निघायच्या दिवशी द्यायचा म्हणून.

आबा खांद्यावर ताणा घेऊन आले. तो उतरवून ते थेट मागाशी गेले आणि फणीमागे हात घातला. हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, परत गेला. मी चुलीपाशी होते. कुणी विचारण्याआधीच मी म्हणाले की उंदरांनी खाल्लं असेल. चोराच्या मनात चांदणं.

आबांनी फणीमागून हात काढला. मग एवढंच म्हणाले, "उंदीर व्हय? असंल."

दुसऱ्या दिवशी ते नव्यानं ओवायला बसले आणि तेव्हा आम्हाला कळलं. दोरा डोळ्याजवळ नेऊन ते तीनतीनदा चुकत होते. त्यांना दिसत नव्हतं. किती दिवसांपासून कोण जाणे. विणताना सगळं हाताला पाठ होतं. तुटलेला दोरा बोटाला कळायचा. सांधणंही ते चाचपून करू शकले असते. पण ओवायला डोळे लागतात. वर्षभर तो ताणा त्यांनी का पुरवला ते मला त्या दिवशी समजलं. आईनं एवढी वर्षं न तुटू दिलेल्या त्या एका गोष्टीवर त्यांचं विणकर असणं टिकून होतं आणि मी ती कातरली होती.

अक्कानं चार दिवस ओवून पाहिलं. काठाचा कुठला दोरा कुठल्या डोळ्यातून न्यायचा ते फक्त आईला ठाऊक होतं. शेजारच्या तेलुगू काकू मदतीला आल्या, पण त्यांचा स्वतःचा माग खोळंबला होता. तोवर पेढीचा माणूस आला आणि ताणा उचलून दुसऱ्या घरी घेऊन गेला. आबांनी त्याला तो खांद्यावर घ्यायला मदतसुद्धा केली.

अक्काचं लग्न झालं. विणकराची लेक गिरणीचं लुगडं नेसून सासरी निघाली, यावर बायका कुजबुजल्याच. अंगात माझं झंपर होतं. बटवा मी तिला द्यायचा की नाही, हे लग्नभर माझं ठरत नव्हतं. शेवटी दिला, मोटार उभी असताना, घाईघाईनं, कुणी नीट बघायच्या आत. अक्काचा चेहरा असा फुलला की मी क्षणभर सगळं विसरले. तिनं तो मनगटात अडकवला आणि आबांच्या पाया पडायला वाकली. आबांनी तिला उठवलं, तिचे हात हातात घेतले. बोटांना गोंडे लागले.

ते एकेक गोंडा चाचपत गेले. आठही.

"तुझ्या आईनं सांधलेलं हाय ह्ये," ते म्हणाले. "जप."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मोटार सुटली तरी तिनं खिडकीतून हात हलवला नाही. बटवा मुठीत धरून बसली होती. मी घरी येऊन रडले, आणि ते अक्का गेली म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

आबा गिरणीत लागले. बॉबिनच्या टोपल्या वाहायचं काम, त्याला डोळे फारसे लागत नाहीत. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीनं उठलेला माणूस भोंग्यावर उठायला लागला. मला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. मार बसला असता तर फिटलं तरी असतं.

दिवाळीला अक्का माहेरी आली. बोचकं सोडून तिनं कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. आत गोंडे सोडवून सरळ केलेले दोरे होते, रेशीम वेगळं, सूत वेगळं. जावांच्या घरात कुठं बसून तिनं ते सोडवले असतील! ती म्हणाली, "चल, घालू परत. दोघी मिळून."

आम्ही दोघी खड्ड्याच्या काठावर बसलो. पहिलाच दोरा ओवला आणि तो पुरेना. डोळ्यातून फणीपर्यंत जायला वीतभर कमी पडत होता. दुसराही तसाच. गोंडे एका मापाचे दिसावेत म्हणून मी टोकं कातरली होती. अक्का दोरे परत पुडीत ठेवू लागली.

आबा कधी दारात येऊन उभे राहिले ते कळलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गं. माग इकला म्या. उद्या न्यायला येत्याल."

मग ते आत आले, चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि माझ्याजवळ बसले. पुडीतले दोन दोरे काढून त्यांनी माझ्या बोटांत दिले. माझी बोटं आपल्या बोटांत धरून ती टोकं एकमेकांवर ठेवली, राख लावली, पीळ दिला. तीन वेळा माझा सांधा सुटला. चौथ्यांदा त्यांनी दोरा दोन्हीकडून ओढून पाहिला आणि तो धरला.

"ह्ये तुझी आई शिकवणार हुती तुला," आबा म्हणाले. "मलाबी वाटलं, हाय की अजून येळ."

त्यावर मला रडू फुटलं. मी म्हटलं, आबा, उंदरांनी नव्हतं खाल्लं. ते म्हणाले, ठाऊक हाय.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, त्यांनी माग सोडवून खांद्यावर नेला. खड्डा आम्ही मातीनं बुजवला आणि वरून अक्कानं शेणानं सारवलं. तिथं उजेड चांगला यायचा, म्हणून पुढं शिवायला मी तिथंच बसायची. लोकांची झंपरं शिवली, बाह्यांचे फुगे काढले, लेसा लावल्या, त्यावरच आमचं घर चाललं. गोंडा मात्र कुणी कितीही मागितला तरी केला नाही.

आबा गिरणीतून आले की मी जागा रिकामी करायची. ते सवयीनं तिथंच येऊन बसायचे, पाय खाली सोडायला जायचे आणि जमीन लागायची. मग मांडी घालायचे.